पीएलसी की पीसी: मशीन पंधरा वर्षे कोण सांभाळणार?

जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली नियंत्रक बनवणाऱ्या कंपन्यांपुढे एक मागणीपत्र ठेवले. या विभागात मोटारींचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तयार होत आणि तिथली मशीने रिलेंनी खचाखच भरलेल्या पॅनलांवर चालत. गाडीचे मॉडेल बदलले की मशीनच्या कामाचा क्रम बदलायचा, क्रम बदलला की पॅनलमधल्या वायरी उपसून नव्याने जोडायच्या, आणि एखाद्या रिलेचा काँटॅक्ट जळला तर शेकडो रिलेंमधून तो शोधून काढायचा. विभागातले इंजिनिअर बिल स्टोन यांनी लिहिलेल्या त्या पत्रातल्या अपेक्षा साध्या होत्या. प्रोग्रॅम शक्यतो कारखान्यातच बदलता यावा, बिघडलेला भाग काढून नवा सहज बसवता यावा, शॉप फ्लोअरवरच्या वातावरणात नियंत्रक रिले पॅनलपेक्षा जास्त टिकावा, जागा कमी लागावी, किंमत परवडावी आणि मध्यवर्ती यंत्रणेला माहिती देता यावी. तो किती अवघड गणिते करू शकतो, यावर त्या पत्राचा भर नव्हता. दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो पेलेल का, हा त्यातला मुख्य प्रश्न होता.

या मागणीला आलेली दोन उत्तरे आजही अभ्यासण्यासारखी आहेत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही त्या काळातली मिनीकॉम्प्युटरची आघाडीची कंपनी. तिने पीडीपी-१४ पुढे केला. त्याचा प्रोग्रॅम तारा विणून तयार केलेल्या कायमस्वरूपी स्मृतीत असे. क्रम बदलायचा तर नवी स्मृती कंपनीकडून विणून आणावी लागे. दुसरे उत्तर बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीचे. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दिलेला मोडिकॉन ०८४ हा संगणक म्हणून फार मोठा नव्हता. त्याला पंखा नव्हता, चालू-बंद करायचे बटणही नव्हते. पण त्याचा प्रोग्रॅम रिलेच्या वायरिंगच्या नकाशासारखा, शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसे. इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकण्याची गरज उरली नाही. हातात होता तोच नकाशा आता प्रोग्रॅम झाला. संगणक कंपनीचा माल मागे पडला आणि मॉर्लींच्या खोक्यातून पुढे पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) नावाचा सारा उद्योग उभा राहिला.

आज तोच वाद वेगळ्या रूपात पुन्हा उभा आहे. मशीनचे नियंत्रण पारंपरिक पीएलसीकडे द्यायचे, की औद्योगिक पीसीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे? भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एसपीएम, म्हणजे ठरावीक कामासाठीची खास मशीने, बनवणाऱ्या उद्योजकापुढे आणि ती विकत घेणाऱ्या कारखान्यापुढे हा प्रश्न प्रत्येक नव्या ऑर्डरबरोबर येतो. चर्चा बहुतेक वेळा प्रोसेसरच्या वेगावर, स्क्रीनच्या देखणेपणावर आणि ‘इंडस्ट्री ४.०’च्या घोषणेवर होते. माझे म्हणणे असे की १९६८ चा निकष अजूनही योग्य आहे. मशीन बाराव्या, पंधराव्या वर्षी कोण दुरुस्त करणार, याचे उत्तर आधी शोधावे. पीसी तिथेच निवडावा, जिथे कामच असे आहे की पीएलसीला ते झेपत नाही.

पीसीविरुद्धचा जुना आक्षेप मात्र आता सोडून द्यायला हवा, कारण तो खरा राहिलेला नाही. तो आक्षेप असा: विंडोज लटकते, मशीन लटकून चालत नाही. यात एके काळी तथ्य होते. पीएलसीचे काम एका ठरलेल्या फेरीत चालते. इनपुट वाचायचे, लॉजिक सोडवायचे, आउटपुट लिहायचे, पुन्हा इनपुट वाचायचे. ही फेरी काही मिलिसेकंदांची असते आणि तिच्या मध्ये दुसरे कोणी येत नाही. ऑफिसातला पीसी याच्या उलट स्वभावाचा. तो एकाच वेळी डझनभर कामांना थोडा थोडा वेळ वाटतो, आणि आपल्या कामाची पाळी नेमकी कधी येईल याची खात्री देत नाही. सरासरी वेग प्रचंड, पण एखाद्या वेळी वीस-तीस मिलिसेकंद कुठे गेले याचा पत्ता नाही. मशीनला सरासरीचा उपयोग नसतो. सिलिंडर हजारदा वेळेवर आला आणि एकदा उशिरा आला, तर त्या एका वेळी टूल मोडते. १९९४ मध्ये क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून खुल्या, सुट्या भागांनी जोडता येणाऱ्या नियंत्रकांची मागणी करणारा दस्तऐवज काढला. त्यानंतर विंडोज एनटीवर चालणाऱ्या ‘सॉफ्ट पीएलसीं’ची लाट आली. त्या लाटेतली बरीच नावे आज बाजारात उरलेली नाहीत.

पण त्या लाटेतून जे टिकले ते भक्कम होते. जर्मनीतल्या फेर्ल गावच्या बेकहॉफ कंपनीने १९८६ पासून पीसीवर मशीन चालवायला सुरुवात केली होती. १९९६ मध्ये तिने ट्विनकॅट हे सॉफ्टवेअर आणले. अशा सॉफ्टवेअरची युक्ती अशी की नियंत्रणाचा कार्यक्रम विंडोजच्या रांगेत उभाच राहत नाही. रिअल-टाइम कर्नल ठरलेल्या क्षणी प्रोसेसर ताब्यात घेतो, आपली फेरी पूर्ण करतो आणि उरलेला वेळ विंडोजला देतो. अनेक कोअर असलेल्या प्रोसेसरमध्ये एखादा कोअर नियंत्रणासाठी पूर्णपणे राखूनही ठेवता येतो. लिनक्सच्या बाजूनेही हेच झाले. रिअल-टाइम चालण्यासाठीची प्रीएम्प्ट-आरटी ही जोड वर्षानुवर्षे मुख्य लिनक्सच्या बाहेर वाढत राहिली आणि २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये सामावली गेली.

याहून महत्त्वाचा बदल केबलमध्ये झाला. २००३ मध्ये बेकहॉफने इथरकॅट आणले. साध्या १०० मेगाबिट इथरनेटवरची एक फ्रेम सगळ्या उपकरणांतून धावत जाते. प्रत्येक उपकरण ती थांबवून न ठेवता, जाता जाताच आपल्यापुरते वाचते आणि आपले लिहिते. १०० सर्व्हो अक्षांची देवाणघेवाण १०० मायक्रोसेकंदांत होते, असे या तंत्राचे निर्माते सांगतात. त्यातही मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक ड्राइव्हमध्ये असलेले घड्याळ. ही सगळी घड्याळे एकमेकांशी एका मायक्रोसेकंदाहून कमी फरकाने जुळवलेली असतात. त्यामुळे आज्ञा पोहोचायला किंचित मागेपुढे झाले, तरी ती अमलात येते सर्व अक्षांवर एकाच क्षणी. पीसीच्या वेळेतला थोडा डळमळीतपणा केबलच्या टोकाशी पोहोचेपर्यंत पुसला जातो. एवढे झाल्यावर ‘पीसीवर भरवसा नाही’ हे वाक्य निव्वळ सवयीने म्हटले जाते.

आता दुसरी बाजू. पीसीची ही ताकद लागते कुठे? पॅकेजिंगचा कागद किंवा फिल्म मिनिटाला ३०० मीटर वेगाने धावत असेल, तर ती सेकंदाला ५ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात ५ मिलिमीटर सरकते. १० मिलिसेकंदांच्या फेरीत ती ५० मिलिमीटर पुढे गेलेली असते. छपाईची खूण पाहून कटर तिथेच मारायचा तर लहान पीएलसीची फेरी इथे कामाची नाही. त्यात कॅमेऱ्याने प्रत्येक नग तपासायचा असेल, तर ५० लाख पिक्सेलचे एक काळे-पांढरे चित्र म्हणजे ५ मेगाबाइट. अनेक लहान पीएलसींची प्रोग्रॅम चालवायची स्मृती काहीशे किलोबाइटांत संपते. डझनावारी सर्व्हो अक्ष एकमेकांशी बांधलेले, वर कॅमेरा, त्याच फेरीत निकाल आणि त्याच फेरीत सदोष नग बाहेर फेकणे, असे काम असेल तर पीसीला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. कॅमेऱ्याचा वेगळा संगणक, मोशनचा वेगळा नियंत्रक, पीएलसी वेगळा आणि त्यांच्यातल्या तीन केबलांवर तीन भाषा, असे कडबोळे करण्यापेक्षा एकाच प्रोसेसरवर सगळे आणणे जास्त सुटसुटीत आणि शेवटी सांभाळायलाही सोपे.

पण आपल्याकडच्या बहुसंख्य मशीनांचे काम असे नसते. जॉब फिक्स्चरमध्ये ठेवला, दोन बटणे एकदम दाबली, क्लॅम्प बसला, ड्रिल खाली आले, वर गेले, क्लॅम्प सुटला. हायड्रॉलिक सिलिंडरला दीड-दोन सेकंद लागतात, तिथे फेरी दहा मिलिसेकंदांची आहे की एकाची, याने काहीही बिघडत नाही. लीक टेस्टिंगच्या मशीनला दाब स्थिरावायची वाट पाहायची असते. भट्टीचे तापमान मिनिटांच्या हिशेबाने बदलते. इथे पीसीचा वेग विकत घेणे म्हणजे न लागणाऱ्या गोष्टीसाठी पैसे देणेच, आणि वर एक नवी जबाबदारी पदरात घेणे. शिवाय मधला पल्लाही आता मोठा आहे. प्रोफिनेट आयआरटी किंवा सरकॉस यांसारख्या नेटवर्कवर चालणारे मध्यम आणि मोठे पीएलसी अनेक सर्व्हो अक्ष मिलिसेकंदाच्या हिशेबात व्यवस्थित जुळवतात. ‘सर्व्हो आले म्हणजे पीसी आला’ असे समीकरण मांडण्याचे कारण नाही.

पीसीबरोबर येणारी ही जबाबदारी कोणती, ते आयुर्मानाच्या हिशेबात दिसते. ॲलन-ब्रॅडली कंपनीचा पीएलसी-५ १९८६ मध्ये बाजारात आला आणि त्याची विक्री २०१७ मध्ये थांबली. एकतीस वर्षे एकच कुटुंब, तीच कार्डे, त्याच रॅकमध्ये बसणारी. याच काळात पीसीच्या जगात ३८६ पासून पेंटियम आणि पुढे अनेक कोअरपर्यंत सगळे येऊन गेले. डॉसपासून विंडोज १० पर्यंतच्या आवृत्त्या उलटल्या. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये, विंडोज १० चा नेहमीच्या आवृत्तीसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये. कारखान्यांसाठीच्या खास दीर्घकालीन आवृत्त्यांना दहा वर्षांचा आधार मिळतो आणि औद्योगिक पीसी बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या लांब आयुष्याचे प्रोसेसर निवडतात, हे खरे. तरी दहा वर्षे म्हणजे चांगल्या प्रेसच्या निम्म्या आयुष्याचीही गोष्ट नाही. बाराव्या वर्षी मदरबोर्ड गेला तर त्याच्या जागी नवा बोर्ड येतो, नव्या बोर्डाला जुनी विंडोज चालत नाही, नव्या विंडोजवर नियंत्रणाची जुनी आवृत्ती चालत नाही, आणि लायसन्स जुन्या हार्डवेअरला बांधलेले असते. एका भागाचा बिघाड सगळ्या साखळीला ओढतो. पीएलसीचे कार्ड गेले तर तसेच नवे कार्ड बसवून प्रोग्रॅम उतरवला की शिफ्ट पुढे चालू होते.

वीज जाण्याचा मुद्दाही याच खात्यातला. पुरवठा अचानक तुटला तर पीएलसी फक्त थांबतो, आला की पुन्हा उठतो. पीसी त्या क्षणी डिस्कवर काही लिहीत असेल तर फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी मशीनऐवजी निळा पडदा दिसू शकतो. यावर उपाय आहेत: छोटा यूपीएस, डिस्कवर लिखाण अडवणारा फिल्टर, महत्त्वाच्या मूल्यांसाठी वीज गेल्यावरही टिकणारी स्मृती. चांगले मशीनवाले हे सगळे देतात. पण यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, आणि पॅनलच्या तळाशी असलेली ती बॅटरी बदलण्याची नोंद कोणाच्या वहीत आहे, हे विचारले तर अनेक कारखान्यांत उत्तर मिळणार नाही.

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. लॅडर, म्हणजे मॉर्लींची ती शिडीसारखी प्रोग्रॅमची पद्धत, ही काही पीएलसीची मक्तेदारी नाही. आयईसीच्या प्रमाणकाने १९९३ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या पाच पद्धती ठरवून दिल्या. पीसीवरची ट्विनकॅट आणि कोडेसिस यांसारखी सॉफ्टवेअर त्या सगळ्या चालवतात. मग मेंटेनन्सवाल्याला पीसी का जड जावा? युक्तिवाद बरोबर आहे, पण तो शक्यतेबद्दल आहे. प्रत्यक्षात पीसी निवडणारा मशीनवाला तो निवडतो तेव्हा त्याला सी++ किंवा स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने लिहायचे असते. त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. एकच कोड वीस मशीनांत वापरता येतो, चुका कमी होतात. मात्र रात्रपाळीत मशीन अडते तेव्हा आयटीआय झालेला तंत्रज्ञ लॅपटॉप लावतो, ऑनलाइन जातो आणि कुठल्या पायरीवर रेघ तुटली आहे ते पाहतो. एखादा प्रॉक्झिमिटी सेन्सर इनपुट देत नाही, हे त्याला पाच मिनिटांत कळते. तीच अट वारसाहक्काने आलेल्या क्लासच्या तिसऱ्या थरात लिहिलेली असेल तर त्याच्यापुढे मशीनवाल्याला फोन करण्यावाचून मार्ग नाही. त्या तंत्रज्ञाला कमी लेखून हा प्रश्न सुटत नाही. शॉप फ्लोअर चालतो तो त्याच्यावर, आणि १९६९ मध्ये मॉर्लींनी त्यालाच डोळ्यांपुढे ठेवले होते.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: पीसीला व्हायरस लागतो, पीएलसी सुरक्षित. हे समाधान खोटे आहे आणि घातकही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने इराणमधल्या नतान्झच्या सेंट्रिफ्यूजना लक्ष्य केले. त्याने विंडोजच्या संगणकावरील सीमेन्सच्या स्टेप ७ मार्गे पीएलसीतला प्रोग्रॅमच बदलला आणि देखरेख करणाऱ्यांना सगळे आलबेल असल्याचे दाखवत राहिला. पीएलसीला प्रोग्रॅम देणारा लॅपटॉप विंडोजचाच असतो, हे विसरून चालत नाही. तरीही दोघांमधला धोका सारखा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी कंपनीत नव्या यंत्राचे सॉफ्टवेअर बसवताना व्हायरस शिरला, नेटवर्कवरून पसरला आणि चिप बनवणारी यंत्रे थांबली. तो वॉनाक्रायचा प्रकार होता, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने वर्षभरापूर्वीच दिली होती. यंत्रांवरच्या विंडोज ७ वर ती चढलेली नव्हती. ती का चढली नसेल, हे कारखाना चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. चालू मशीनवर अपडेट टाकायला उत्पादनाचा माणूस परवानगी देत नाही, आणि अपडेटनंतर नियंत्रण बिघडले तर जबाबदार कोण हे मशीनवाला लिहून देत नाही. पीएलसीवर नेमून हल्ला करावा लागतो. पीसीला रस्त्यावरून जाणारा सर्वसाधारण व्हायरसही पुरतो. म्हणून पीसी घ्यायचा तर त्याच्या नेटवर्कला वेगळे कुंपण आणि अपडेटला नेमलेला माणूस, हे दोन्ही खर्च त्याच्या किमतीत धरायला हवेत.

किमतीबद्दल थोडक्यात. छोट्या मशीनला पीएलसी स्वस्त पडतो, मोठ्या आणि गुंतागुंतीच्या मशीनला पीसी, कारण वेगळा एचएमआय (ऑपरेटरचा पडदा), मोशन कार्ड, डेटा साठवणारा संगणक हे सगळे त्यात मुरते. यात वाद फारसा नाही. कर्मचाऱ्याच्या सुरक्षेचा मुद्दाही या निवडीत आणू नये: इमर्जन्सी स्टॉप, लाइट कर्टन, दरवाजाचे इंटरलॉक यांना प्रमाणित सेफ्टी रिले किंवा सेफ्टी नियंत्रक लागतो. साध्या पीएलसीवर किंवा साध्या पीसीवर ते सोपवणे दोन्हीकडे सारखेच चूक आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत ताजा: हा वादच आता शिळा झाला, दोन्ही एक होत आहेत. फिनिक्स काँटॅक्टच्या पीएलसीनेक्स्टमध्ये आत लिनक्स आहे. सीमेन्सचा एस७-१५०० औद्योगिक पीसीवर निव्वळ सॉफ्टवेअर म्हणून मिळतो, आणि २०२३ पासून ही कंपनी व्हर्च्युअल पीएलसीही देऊ लागली. ऑडीसारखी कंपनी मशीनशेजारच्या पॅनलातला पीएलसी काढून तो कारखान्याच्या सर्व्हरवर नेण्याच्या मार्गावर आहे. खोक्याचा फरक पुसला जातो आहे, हे मान्य. पण त्यामुळे निकष शिळा होत नाही, उलट तो अधिक लागू होतो. पीएलसीच्या आत लिनक्स आले म्हणजे पीसीची अपडेटची जबाबदारी पीएलसीच्या मालकाकडेही आली. नियंत्रण सर्व्हरवर गेले म्हणजे मशीनच्या दुरुस्तीत आयटी विभागही आला. जर्मनीतल्या मोठ्या मोटार कंपनीकडे त्यासाठी माणसे आहेत. साठ-सत्तर कामगारांच्या कारखान्यात मेंटेनन्सचे दोघे आणि बाहेरून येणारा एक संगणकवाला असेल, तर तिथे तो आराखडा जसाच्या तसा उचलणे म्हणजे प्रत्येक ब्रेकडाऊन दुसऱ्याच्या वेळेवर सोडून देणे.

पीएलसी घेतला म्हणजे आपण मोकळे, असे मात्र कोणी समजू नये. पासवर्डने बंद केलेला पीएलसी पीसीइतकाच परका असतो. मशीनवाला प्रोग्रॅमची प्रत देत नाही, टिपणांशिवायचे लॅडर देतो, आणि पाच वर्षांनी तो व्यवसायातच नसतो. प्रमाणक एक असले तरी एका कंपनीच्या पीएलसीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या पीएलसीवर तसाच चढत नाही, त्यामुळे नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

म्हणून नवे मशीन घेणाऱ्याला माझे सांगणे असे. काम क्रमाचे असेल, वेळ सेकंदांच्या हिशेबात असेल आणि दुरुस्ती आपल्याच माणसांनी करायची असेल, तर आपल्या कारखान्यात आधीपासून आहे त्याच कंपनीचा पीएलसी मागावा. कॅमेरा, अनेक अक्ष आणि जड गणित एकाच फेरीत लागत असेल तर पीसी बिनधास्त घ्यावा, पण एक सुटा पीसी, डिस्कची पूर्ण प्रत आणि लायसन्स नव्या हार्डवेअरवर हलवण्याची लेखी परवानगी यांसह. दोन्ही बाबतींत टिपणांसह मूळ प्रोग्रॅम, सगळे पासवर्ड आणि तो प्रोग्रॅम उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती परचेस ऑर्डरमध्येच लिहून घ्यावी, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी आपल्याच तंत्रज्ञाकडून त्या प्रतीवरून मशीन एकदा शून्यापासून चालू करून पाहावे.